परदेशातला धंदा अडचणीत आला की मालकानं आधी स्वतःचा दिवस बदलावा

प्रश्न गोरेगावच्या एका ताईंचा आहे. त्यांचा धाकटा भाऊ १२ वर्षांपासून दुबईत ऑफिसं आणि दुकानांच्या इंटिरियरची कामं घेतो. स्वतःची कंपनी आहे, हाताखाली १८ माणसं आहेत. दोन मोठी कामं गिऱ्हाइकांनी मध्येच थांबवली, झालेल्या कामाचे पैसे अडकले आणि वर्कशॉपच्या भाड्यापोटी पुढची तारीख घालून आधीच देऊन ठेवलेला चेक तीन महिन्यांवर आला आहे. भाऊ म्हणतो, आईच्या नावावरचा फ्लॅट गहाण ठेवून पैसे पाठवा, सहा महिन्यांत फेडतो. घरात दोन तट पडलेत. ताई विचारतात, अशा वेळी तिथं टिकून राहिलेल्या लोकांनी नेमकं काय केलं, आणि घरच्यांनी काय करावं?

ताई, मी सीए आहे. आखातात धंदा करणाऱ्या मराठी माणसांचे इकडचे आणि तिकडचे हिशेब फोर्टमधल्या ऑफिसात बसून बरीच वर्षं बघते आहे. २००८-०९ ची दुबईची मंदी आणि २०२० चा कोविड, दोन्ही वेळा तुमच्यासारखीच घरं माझ्या टेबलासमोर बसली होती. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. जे टिकले, त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचा दिवस बदलला. सकाळी पहिला फोन कुणाला करायचा, कुठल्या साइटवर स्वतः जायचं, कुठलं काम परत आपल्या हातात घ्यायचं आणि कुठलं सरळ सोडून द्यायचं, हे त्यांनी पहिल्या काही आठवड्यांतच ठरवलं. नवा धंदा, नवं भांडवल हे सगळं त्यानंतर आलं. ज्यांनी बाहेरून पैसा आणला आणि दिवस मात्र पूर्वीसारखाच घालवला, त्यांचा तो पैसाही गेला.

परदेशातला धंदा इथल्या धंद्यापेक्षा वेगळा कुठे आहे, हे आधी घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. गोरेगावात दुकान बसलं तर माणूस दुकान बंद करतो, घरी येतो, चार महिने विचार करतो. दुबईत ट्रेड लायसन्स दरवर्षी रिन्यू करावं लागतं. लायसन्सवर तुमच्या भावाचा व्हिसा उभा आहे, त्याच्या व्हिसावर बायको-मुलांचा व्हिसा, आणि रेसिडेन्सीवर बँकेचं खातं, घराचा भाडेकरार, मुलांची शाळा. अठराच्या अठरा कामगारांचे परमिटही त्याच लायसन्सवर. म्हणजे धंदा गेला की राहण्याचा हक्कच जातो. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला काही मुदत मिळते, पण ती मोजकी असते आणि व्हिसाच्या प्रकारानुसार बदलते. त्यामुळे तिथल्या संकटात माझा क्रम असा असतो: पहिलं लायसन्स आणि व्हिसा, दुसरं माणसांचे पगार, तिसरं भाडं, आणि सप्लायर त्यानंतर. सप्लायरशी बोलता येतं. लायसन्सच्या तारखेशी बोलता येत नाही.

भावाला सांगा, एका कागदावर पुढच्या बारा महिन्यांच्या तारखा लिहून काढ. लायसन्स कधी संपतं, प्रत्येक चेक कोणत्या तारखेचा आहे, कुणाचा व्हिसा कधी संपतो, व्हॅटचं रिटर्न कधी, शाळेची फी कधी. पैशांचा अंदाज त्यानंतर त्या कागदावर बसवायचा. मी पाहिलेले बहुतेक लोक उलटं करतात. आधी उत्पन्नाचा अंदाज धरतात, तोही जुन्या चांगल्या वर्षावरून, आणि मग तारखा त्यात कोंबतात.

आता १८ माणसांचा विषय. घरातून पहिला सल्ला मिळतो तो माणसं कमी कर. तसं करावंही लागेल कदाचित, पण त्यात आज रोख किती जाते ते आधी काढा. तिथल्या कायद्यानं नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी द्यावी लागते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. समजा एका सुताराचा मूळ पगार १,२०० दिरहॅम आहे आणि त्याला आठ वर्षं झालीत. दिवसाचे ४० दिरहॅम. पहिल्या पाच वर्षांचे ४,२०० आणि पुढच्या तीन वर्षांचे ३,६००, म्हणजे ७,८०० दिरहॅम. शिवाय नोटिशीचा पगार, शिल्लक रजा, गावी जायचं तिकीट. जुनी माणसं एकदम काढली तर येत्या महिन्याभरात जितकी रोकड लागेल, तितक्यात त्याच माणसांचा काही महिन्यांचा पगार निघतो. आणि काम परत सुरू झालं तर नवे कारागीर आणायला पुन्हा व्हिसाचा खर्च आहेच. म्हणून टिकलेल्यांपैकी बहुतेकांनी आधी ओव्हरटाइम बंद केला, बाहेरून घेतलेले रोजंदारीचे लोक थांबवले, ज्यांना स्वतःहून गावी जायचं होतं त्यांना लेखी ठरवून बिनपगारी रजेवर पाठवलं. पगार मात्र वेळेवर जायला हवेत. २००९ पासून तिथं पगार वेज प्रोटेक्शन सिस्टीममधूनच जातात. ते थकले की सरकारी यंत्रणेला लगेच कळतं आणि नवीन परमिट अडतात.

पण हे सगळं चालवायला पैसा हवा, आणि तो पैसा भावाचाच, बाजारात अडकलेला आहे. मालकाचा दिवस बदलायचा म्हणते तो इथे.

चांगल्या दिवसांत इंटिरियरवाल्या मालकाचा दिवस नवीन कामं आणण्यात जातो: टेंडरं भरणं, आर्किटेक्टच्या गाठीभेटी, डिझाइनच्या चर्चा. वसुली ऑफिसातला अकाउंटंट करतो. तो दर सोमवारी एक मेल टाकतो, ‘काइंडली रिलीज द पेमेंट’, आणि पुढच्या सोमवारची वाट बघतो. संकट आलं की ही वसुली मालकानं स्वतःच्या हातात घ्यायची. रोज सकाळचे पहिले दोन तास, दुसरं काहीही नाही. आणि फोनवर ‘पैसे कधी देताय?’ असं विचारायचं नाही. त्याला एकच उत्तर मिळतं, ‘पुढच्या आठवड्यात.’ विचारायचं, ‘बिल कुणाच्या टेबलावर आहे आणि त्याला कोणता कागद कमी आहे?’

ही साधी गोष्ट आहे, पण मी तिचा परिणाम पाहिलाय. बिल बहुतेक वेळा वरिष्ठाच्या दुष्टपणामुळे अडत नाही. मूळ एलपीओची, म्हणजे गिऱ्हाइकानं दिलेल्या लेखी ऑर्डरची, कॉपी जोडलेली नसते. डिलिव्हरी नोटवर सही आहे, पण शिक्का नाही. जास्तीचं काम तोंडी सांगून करून घेतलेलं असतं आणि त्याचा व्हेरिएशनचा कागदच तयार झालेला नसतो. समोरच्या कंपनीलाही पैशांची चणचण असते, त्यामुळे ज्यात खोट आहे ते बिल आपोआप गठ्ठ्याच्या तळाशी जातं आणि ज्याचे कागद पूर्ण आहेत त्याला आधी चेक मिळतो. तुमच्या भावानं त्या अकाउंट्स विभागात जाऊन बसावं. तिथला जो माणूस प्रत्यक्ष व्हाउचर बनवतो त्याचं नाव, त्याची कामाची पद्धत, चेक कोणत्या वारी सहीला जातात, हे माहीत करून घ्यावं. १२ वर्षांत त्याची ओळख डायरेक्टरशी झाली असेल. या वर्षी व्हाउचर बनवणाऱ्याची ओळख जास्त कामाची आहे.

दुसरा पैसा रिटेन्शनचा. बिलातून साधारण ५ ते १० टक्के रक्कम गिऱ्हाईक राखून ठेवतं. त्यातली काही ताबा देताना मिळते, बाकीची दोष-दुरुस्तीचा काळ, बहुधा वर्षभर, संपल्यावर. कामांची घाई असते तेव्हा कुणी ती मागायला जातच नाही. २००९ मध्ये चेंबूरच्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर बसून जुन्या कामांची यादी काढली तेव्हा सात-आठ ठिकाणी रिटेन्शन पडून होतं. एकेक रक्कम लहान वाटत होती. बेरीज केल्यावर ती वर्कशॉपच्या वर्षभराच्या भाड्याच्या वर गेली. ते दुबईला परतले आणि फोरमनवर न सोपवता स्वतः एका सुताराला घेऊन जुन्या साइटवर फिरायला लागले. खिशात टेप, पिशवीत सिलिकॉनची गन, बिजागऱ्या, टच-अपचा रंग. एका दवाखान्यात ड्रॉवर नीट बंद होत नव्हता म्हणून ताब्याच्या कागदावर सही अडली होती. ड्रॉवरचा चॅनल बदलायला अर्धा तास लागला. तिथंच उभं राहून त्यांनी स्नॅगच्या, म्हणजे राहिलेल्या दोषांच्या, यादीवर ‘पूर्ण’ अशी सही घेतली, त्याच दुपारी रिटेन्शनचं बिल लावलं. त्याच दवाखान्याच्या मॅनेजरनं जाता जाता विचारलं, एसीच्या खालची फॉल्स सीलिंग गळतेय, ती बघाल का? त्यातून वर्षाचा देखभालीचा करार झाला.

मला त्या प्रसंगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी त्या वर्षी एकही नवीन टेंडर भरलं नाही. दोन कोटी रुपयांची कामं करणारा माणूस ड्रॉवरचे चॅनल बदलत फिरतोय, याचं त्यांच्या घरच्यांना वाईट वाटत होतं. त्यांच्या आई तर फोनवर रडल्या होत्या. पण माणूस चालू जागांमध्ये फिरत राहिला आणि चालू जागांनाच काम निघतं. नवीन इमारती थांबल्या तरी दवाखाने, शाळा, उपाहारगृहं यांच्या दुरुस्त्या थांबत नाहीत. भावाला कमीपणा वाटत असेल तर त्याला सांगा, त्या बाजारात नाव जातं ते पगार थकवल्यानं. लहान कामं घेतल्यानं कुणाचं नाव गेलेलं मी पाहिलं नाही.

२०२० मध्ये हेच वेगळ्या रूपात दिसलं. एक्स्पो २०२० हे दुबईतलं जागतिक प्रदर्शन पुढे गेलं आणि अखेर १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं. त्याच्या भरवशावर घेतलेली कितीतरी कामं मधल्या काळात लोंबकळली. शारजात वर्कशॉप असलेल्या आमच्या एका क्लायंटनं बँका आणि दवाखान्यांच्या काउंटरवर लावायचे ॲक्रिलिकचे पडदे बनवायला घेतले. नफा जवळपास नव्हताच. पण कारागिरांचे पगार निघाले, आणि ज्या ऑफिसांत एरवी आत शिरायला सहा महिने लागले असते तिथल्या फॅसिलिटी मॅनेजरांशी त्याची रोजची बोलाचाली सुरू झाली. पुढच्या वर्षी ऑफिसांनी बसायची रचना बदलली तेव्हा पहिले फोन त्याला आले.

त्याच काळात ऑफिसांच्या कार्यक्रमांचं जेवण पुरवणाऱ्या एका मराठी बाईंचं काम एका आठवड्यात शून्यावर आलं. त्यांच्याकडे परवाना असलेलं स्वयंपाकघर होतं, चार माणसं होती. त्यांनी घरपोच डबे सुरू केले, गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ. हे बाहेरून दिसणारं. आतून काय बदललं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. आधी त्या महिन्याला दहा-बारा एचआर मॅनेजरांशी बोलायच्या, आता रोज शंभर घरांशी बोलणं आलं. कुणाला तिखट कमी, कुणाकडे मधुमेही सासरे, कुणाचा नवरा भारतात अडकलेला. हे बोलणं त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही, आणि स्वयंपाक, जो त्यांचा जीव होता, तो मात्र हाताखालच्या बाईवर सोपवला. निर्णय कठीण होता. आवडीचं काम सोडून गरजेचं काम धरायला मन तयार होत नाही. माझ्या मते या क्षणी माणूस एकतर बदलतो किंवा बुडायला लागतो.

गिऱ्हाइकांबद्दल एक मुद्दा मुंबईच्या माणसाला पटकन कळेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या खाणावळी अडचणीत आल्या. स्वयंपाक तोच होता, बायकाही त्याच, पण जेवणारे सगळे एकाच धंद्यातले. तुमच्या भावाच्या गिऱ्हाइकांची यादी काढा. सगळेच बिल्डर आणि डेव्हलपर असतील तर ओळखी कितीही असल्या तरी त्या एकाच दिवशी बंद पडतात. नवीन पाच ओळखी करायच्या असतील तर त्या शाळा, दवाखाने, गोदामं, किराणा साखळ्या अशा वेगवेगळ्या ठिकाणी कराव्यात. मराठी मंडळातली माणसं आधार देतात, धीर देतात, खोलीही देतात. पण मंडळातले निम्मे लोक बांधकामाशीच जोडलेले असतील तर तिथं काम शोधत बसण्यात अर्थ नाही.

कामाचा काही भाग मुंबईत आणता येईल का? हो, आणि तुमच्या घरासाठी ही चांगली वाट असू शकते. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे. रुपया घसरला की मुंबईतला खर्च त्याला दिरहॅममध्ये हलका पडतो. ड्रॉइंग, मोजमापं, एस्टिमेट, बिलांचे कागद ही कामं गोरेगावात किंवा ठाण्यात बसलेली दोन माणसं करू शकतात. मात्र हे घरगुती ठेवू नका. इकडे प्रोप्रायटरशिप किंवा कंपनी करा, तिकडच्या कंपनीशी लेखी करार करा, बाजारभावानं बिल लावा, पैसे बँकेतून परकीय चलनात येऊ द्या. सेवा निर्यात झाली की जीएसटी शून्य दरानं लागतो, त्यासाठी नोंदणीनंतर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरायचं. ‘भाऊ दर महिन्याला घरखर्चाला पाठवतो’ असं दाखवून धंद्याचे पैसे फिरवले तर तीन वर्षांनी नोटीस येते तेव्हा सांगायला काही उरत नाही.

भाऊ स्वतः मुंबईत बसून दुबईची कंपनी चालवणार असेल, तर दोन घड्याळं सांभाळायची. इकडे आर्थिक वर्षात १८२ दिवस झाले की तो करासाठी निवासी होतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर त्याच्यासाठी आकडा १२० दिवसांवरही येऊ शकतो. तिकडे सलग सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं की साधारणपणे रेसिडेन्सी जाते. २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा दोन्हीकडे सवलत मिळाली होती. आपल्या प्रत्यक्ष कर मंडळानं ८ मे २०२० च्या परिपत्रकानं अडकलेल्यांचे दिवस धरले नाहीत. ती सवलत २०१९-२० या वर्षापुरती होती, आणि पुढच्या वर्षीही तशीच मिळेल असं धरून चाललेल्यांची पंचाईत झाली. आत्ताच्या अडचणीत विमानं चालू आहेत, म्हणजे दिवस मोजले जाणारच.

तिकडच्या कराचीही थोडी बाजू. बिल लावलं की ५ टक्के व्हॅट भरावा लागतो, गिऱ्हाइकानं पैसे दिले नसले तरी. सहा महिन्यांहून जुनं येणं असेल, ते वहीत बुडीत दाखवलं असेल आणि गिऱ्हाइकाला तसं कळवलं असेल, तर भरलेला व्हॅट परत वळता करून घेता येतो. भावाची अडकलेली बिलं मोठी असतील तर ही रक्कम लहान नाही. कॉर्पोरेट कर ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के आहे. उलाढाल ३० लाख दिरहॅमपर्यंत असेल तर लहान धंद्यांची सवलत मिळते, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांसाठी. पण ती सवलत घेतली तर त्या वर्षाचा तोटा पुढे ओढता येत नाही. तोट्याच्या वर्षात सवलतीच्या रकान्यावर टिक करण्याआधी तिथल्या कर सल्लागाराशी बोलावं.

आता चेक. तुमच्या पत्रात भीती आहे ती याचीच. पूर्वी तिथं चेक परत जाणं हा सरळ फौजदारी गुन्हा होता. २००९ मध्ये लोक विमानतळावर गाड्या सोडून निघून गेले, त्यामागे हीच दहशत होती. २ जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला. खात्यात पैसे कमी म्हणून चेक परत गेला तर आता मुख्यतः दिवाणी वसुली होते, बँक जेवढी शिल्लक असेल तेवढी देऊन टाकते, आणि चेकधारक थेट अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाऊ शकतो. मुद्दाम खातं बंद करणं किंवा फसवणूक करणं हा अजूनही गुन्हा आहे, आणि दिवाणी देण्यावरही प्रवासबंदी लागू शकते. म्हणून चेकच्या तारखेआधी जागेच्या मालकाला भेटायचं. चेक परत गेल्यावर भेटण्यात आणि दोन महिने आधी भेटण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एका चेकचे तीन करून मागायचे, अर्धी जागा सोडायची तयारी दाखवायची. २००९ मध्ये भाडी झपाट्यानं उतरली तेव्हा रिकाम्या गाळ्यापेक्षा कमी भाडं देणारा जुना भाडेकरू बरा, असं कितीतरी मालकांनी ठरवलं होतं. जे ठरेल ते लेखी, आणि जुना चेक हातात परत घेऊनच नवा द्यायचा.

आणि घरात कुणी ‘सरळ निघून ये, इथं कोण विचारतंय’ म्हणत असेल तर त्यांना हे दाखवा. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं भारतानं यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली मान्यता दिली आहे. तिथल्या अधिसूचित दिवाणी न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा आता इथल्या जिल्हा पातळीच्या न्यायालयात थेट अंमलात आणता येतो. नवीन दावा लावायची गरज नाही. भावाच्या नावावर मुंबईत काही असेल तर ते त्यात सापडू शकतं. शिवाय तो आखातात परत धंदा करू शकणार नाही, हे वेगळंच.

इथे फ्लॅटचा प्रश्न येतो. ताई, माझं मत स्पष्ट आहे: आईचा फ्लॅट गहाण ठेवू नका. भावाची नियत चांगली आहे, यात मला शंका नाही. पण सहा महिने हा आकडा त्यानं गिऱ्हाइकांच्या शब्दावर धरलेला आहे, आणि तो शब्द आज त्याच्या हातात नाही. फ्लॅट गेला तर आई बेघर होते आणि भावाला परत यायला जागा उरत नाही. त्याच्यासाठीसुद्धा तो फ्लॅट बिनकर्जाचा राहणं हाच सगळ्यात मोठा आधार आहे.

मदत करायची असेल तर घरानं बसून एक रक्कम ठरवा, जी परत आली नाही तरी कुणाचं औषध, कुणाचं शिक्षण अडणार नाही. ती बँकेतून, परदेशी पैसे पाठवायच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस), जवळच्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येते. वर्षाची मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे, आपल्याला तिच्या जवळपासही जायचं नाही. फॉर्मवर खरं कारण लिहा. आणि भावाशी लेखी ठरवा की हे पैसे फक्त लायसन्स, व्हिसा आणि पगार यांसाठी. थांबलेल्या साइटवर माल टाकायला एक दिरहॅमही नाही. अडकलेलं काम पुढे नेलं की पैसे सुटतील, असं गिऱ्हाईक नेहमी सांगतं. आधीचं बिल मिळाल्याशिवाय पुढचा माल नाही, हे भावाला त्याच्या तोंडावर म्हणता यायला हवं.

कागदांबद्दल मी क्लायंटना वारंवार सांगत असते, त्याला कारण आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. त्यानंतर लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत आणलं गेलं. मी आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करत असताना त्यातल्या काही दुकानदारांचे नुकसानभरपाईचे अर्ज आमच्या ऑफिसात भरले जात होते. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये त्यासाठी आयोग नेमला होता. देश सोडावा लागला एवढ्यासाठी ठरावीक रक्कम होती, माणशी २,५०० किंवा ४,००० डॉलर, आणि त्याला फार पुरावा लागत नव्हता. प्रत्यक्ष नुकसानीसाठी १ लाख डॉलरपर्यंत मागता येत होतं, पण तिथं कागद लागायचे: मालाची बिलं, भाड्याच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंटं. एका दुकानदारांनी कापडी पिशवीत सगळ्या पावत्या वर्षवार बांधून आणल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या दुकानाच्या मालकाकडे पासपोर्टशिवाय काहीच नव्हतं. दोघांचं दुकान सारखंच होतं. आज भावाला पिशवीची गरज नाही. लायसन्स, भाडेकरार, सगळे एलपीओ, सह्या झालेल्या डिलिव्हरी नोटा, साइटचे तारखेचे फोटो, कामगारांचे करार यांची एक प्रत गोरेगावच्या घरी तुमच्याकडे असू द्या. हे या आठवड्यातच करा.

सगळं करूनही बंद करायची वेळ आली तर ती नीट बंद करावी. माणसांची देणी, लायसन्स रद्द करणं, व्हॅटची नोंदणी २० कामकाजाच्या दिवसांत आणि कॉर्पोरेट कराची तीन महिन्यांत रद्द करायचा अर्ज. हे राहिलं तर बंद पडलेल्या कंपनीवर दंड चढत राहतो. तिथं अडचण आली तर वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र कायदेशीर सल्ला मिळवून देतं. परत आल्यावर तिथली बचत आरएफसी (रेसिडेंट फॉरिन करन्सी) खात्यात परकीय चलनातच ठेवता येते, आणि इतकी वर्षं बाहेर राहिलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुधा ‘निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही’ हा दर्जा मिळतो, त्यात परदेशातल्या उत्पन्नावर बराच दिलासा असतो.

तुमच्या भावजयीचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. तारखांचा कागद करायला दोघांनी एकत्र बसावं. घरखर्च, शाळा, परत यायचं की नाही, हे तिला त्याच्याइतकंच माहीत असतं, आणि मी पाहिलेल्या कित्येक घरांत आकडा पहिल्यांदा खरा सांगितला तो बायकोनं. तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. परतायचं ठरलं तर फेब्रुवारीपर्यंत ठरवा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला साक्षांकित करून घेता येईल आणि गोरेगावातला प्रवेश जूनच्या आत मार्गी लागेल. राहायचं ठरलं तर पुढच्या सत्राची फी तारखांच्या कागदावर पगारांच्या लगेच खाली लिहा.